जुन्या मोटारबोटीच्या इंजिनातील तेलगळती: उगम शोधण्यापासून दुरुस्तीनंतरच्या तपासणीपर्यंत

बोटीतील डिझेल इंजिन मोटारीच्या इंजिनाप्रमाणे सपाट बसवलेले नसते. पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट तळातून उतरत्या कोनात पाण्यात जातो आणि त्याच्या रेषेत राहण्यासाठी इंजिनही मागच्या बाजूला काही अंश कललेले ठेवावे लागते. जुन्या बोटींच्या तेलगळतीचे निदान वारंवार चुकते ते याच कारणाने. तेल टॅपेट कव्हरमधून येत असो, फिल्टरमधून येत असो किंवा प्रेशर स्विचमधून, ते ब्लॉकवरून ओघळत मागे जाते आणि फ्लायव्हील हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या आवरणाच्या, तळाशी थेंब धरते. बघणाऱ्याला तो थेंब दिसतो आणि 'मागचा ऑइल सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवतीची तेल अडवणारी रिंग) गेला' असा निकाल देऊन तो मोकळा होतो.

मी स्वतः हा निकाल एकदा मान्य केला होता. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभी असलेली २४ फुटी फायबरची जुनी बोट मी घेतली, तेव्हा तिच्या ३ सिलिंडरच्या डिझेल इंजिनाखाली तेलाचे थारोळे होते. मिस्त्रीने शाफ्टची कपलिंग सोडवली, गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील काढले, सील बदलला आणि सगळे पुन्हा जोडले. दुसऱ्या फेरीला थारोळे पूर्वीइतकेच होते. शेजारच्या होडीचे तांडेल काका आमची खटपट पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "दादा, आधी वरून पुसून तर काढा." पुसून काढल्यावर अर्ध्या तासात दोष सापडला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातील बुचाचे पॅकिंग चिरले होते. म्हणून या लेखात मागच्या सीलची पाळी सर्वांत शेवटी येते.

कामाचा दिवस आणि सुरक्षितता

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील बऱ्याचशा धक्क्यांवर ओहोटीला बोट चिखलात बसते आणि एका कुशीवर कलते. अशा स्थितीत डिपस्टिकवर दिसणारी पातळी निरर्थक असते. शिवाय एरवी जो जोड तेलाच्या पातळीच्या वर राहतो, तो कललेल्या बोटीत पातळीखाली जाऊन पाझरू लागतो आणि नसलेला दोष असल्यासारखा भासतो. म्हणून तपासणी बोट तरंगत असतानाच करावी. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडू शकतो आणि उथळ धक्क्यावर सलग काम करायला फार थोडे तास मिळतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी तितके खाली जात नाही आणि बोट बराच काळ तरंगत राहते. शोधकामाला हेच दिवस योग्य. इंजिन उचलून करायची मोठी कामे मात्र पावसाळ्यासाठी राखून ठेवावीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या शाकारून काठावर ओढलेल्या असतात आणि मिस्त्रीही सापडतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांना फोन घ्यायलाही सवड नसते.

झाकण उघडल्यावर इंजिनखोली काही वेळ मोकळी हवेशीर होऊ द्यावी. पेट्रोल इंजिन असेल तर ब्लोअर किमान चार-पाच मिनिटे चालवल्याशिवाय आणि नाकाने वास घेतल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये. हात आत घालून काम करताना बॅटरीची जोडणी सोडवावी. इंजिन चालू ठेवून पाहणी करताना सैल बाह्या, गळ्यातील साखळी आणि फिरता पट्टा यांची गाठ पडणार नाही याची काळजी घ्यावी. तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर ठिबकत असेल तर ती केवळ गळती राहत नाही, आगीचा धोका होतो. ती थांबेपर्यंत बोट बाहेर काढू नये.

आणखी एक काम आधीच करावे. तळात साचलेले पाणी बाहेर टाकणाऱ्या स्वयंचलित पंपाचा स्विच बंद करावा, नाहीतर तुम्ही निदान करत असताना पंप तेलमिश्रित पाणी खाडीत ओतत राहील. मात्र पंप बंद असताना बोट कोणाच्याही देखरेखीविना सोडू नये, कारण पाणी भरू लागले तर ते कोणालाच कळणार नाही.

गळते ते नेमके काय आहे

जुन्या बोटीच्या तळाशी इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचे तेल, डिझेल, कूलंट आणि खारे पाणी असे सर्व काही एकत्र सापडते. थारोळे पाहून निष्कर्ष काढू नये. थेंब जिथे धरतो तिथून तो पांढऱ्या कागदावर घ्यावा. वापरलेले डिझेल इंजिनाचे तेल काळेकुट्ट असते आणि कागदावर काजळीचा डाग सोडते. गिअरबॉक्समध्ये अनेकदा लालसर ट्रान्समिशन तेल असते, परंतु काही गिअरबॉक्सना इंजिनाचेच तेल चालते. म्हणून त्याची डिपस्टिक काढून रंगाची तुलना करावी. डिझेल पातळ असते आणि वासावरून लगेच ओळखता येते. थेंब काळा पण नेहमीपेक्षा पातळ असेल आणि डिपस्टिकवरील पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर फीड पंपाचा डायफ्राम फुटून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरत असण्याची शक्यता आहे. पातळ झालेले तेल कुठूनही पाझरते. अशा वेळी पॅकिंगे बदलणे व्यर्थ ठरते.

तेल दुधट दिसत असेल तर पाणी मिसळले आहे. त्याचा विचार पुढे केला आहे. तोवर इंजिन चालवू नये.

पातळी आणि दाब

एकही बोल्ट सोडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या बोटीत त्यांच्यामुळेच गळती होत असल्याचे अनेकदा आढळते आणि त्या दुरुस्त करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तेल जास्त भरलेले असणे. डिपस्टिकवरील खुणा इंजिन एका ठराविक कोनात आहे असे धरून केलेल्या असतात. इंजिन दुसऱ्या बोटीतून काढून बसवले असेल किंवा अधिक कललेले असेल, तर पूर्ण भरलेले तेलही 'कमी' दिसू शकते आणि आधीचा मालक वर्षानुवर्षे त्यात भर घालत आलेला असतो. जास्तीचे तेल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि तेल सीलवर आदळत राहते. खात्री करण्याचा मार्ग सरळ आहे. इंजिन कोमट करून सगळे तेल काढावे, फिल्टर बदलावा आणि माहितीपुस्तिकेत फिल्टरसह जितके लिटर लिहिले आहेत तितके मोजून भरावे. काही मिनिटे चालवून, बंद करून, तेल खाली उतरल्यावर बोट पाण्यावर समतोल असताना काडी पाहावी. ती जिथे ओली होते तिथे कानशीने बारीक खूण करावी. तुमच्या बोटीपुरती ती खरी पातळी. बहुतेक बोटींत चेंबरच्या ड्रेन बोल्टपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून तेल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून काढावे लागते. ते गरम असतानाच नीट येते.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनांखालच्या बंद पोकळीतील, दाब. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली येतच असतो आणि ब्रीदरच्या नळीतून तो बाहेर जातो. ही नळी काजळीने चोंदली, मुडपली किंवा रंगाच्या कामात कोणीतरी बुजवली, की दाब साठतो आणि सर्वांत दुबळ्या जोडातून तेल ढकलतो. नवे पॅकिंग बसवले तर तेल पुढच्या दुबळ्या जोडातून येते. एका पाठोपाठ तीन जागा गळू लागल्या असतील तर दोष पॅकिंगांचा नाही असे समजावे. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. थोडी फुंकर स्वाभाविक आहे, पण झाकण उडू लागले किंवा धुराचे लोट आले तर आधी ब्रीदर साफ करावा. साफ केल्यावरही दाब कायम राहिला तर रिंगा झिजल्या आहेत आणि विषय पूर्ण इंजिन खोलण्यावर जातो. अधिक नेमके मोजायचे असल्यास पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून तिच्यात थोडे पाणी भरावे, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवावे आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती सेंटिमीटर फरक पडतो ते लिहून ठेवावे. ब्रीदर साफ करण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की पुरेसे कळते.

उगम कसा शोधावा

इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि ब्रशने ते वरपासून खालपर्यंत साफ करावे. अल्टरनेटर, स्टार्टर आणि हवेचे तोंड प्लास्टिकने झाकून घ्यावे. पाण्याचा जोरदार फवारा मारण्याचा मोह टाळावा. कोपरे दात घासण्याच्या जुन्या ब्रशने निघतात. धुतलेले पाणी तळात साचते. ते डब्यात काढून घ्यावे.

इंजिन पूर्ण कोरडे झाल्यावर संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि खाली पांढरे पुठ्ठे किंवा तेलशोषक पॅड पसरावेत. आधी पाच मिनिटे मंद गतीवर चालवून टॉर्चने पाहावे. काही दिसले नाही तर दोर पक्के बांधून, पंखा गिअरमध्ये घालून, नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत चालवावे, कारण बऱ्याच गळती तेल तापून पातळ झाल्यावर आणि दाब वाढल्यावरच प्रकट होतात. पावडरीवर ओली रेघ दिसली की ती खाली कुठे जाते हे पाहत बसू नये. ती वर आणि पुढे कुठवर जाते हे पाहावे. सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच उगम. हात जात नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा जातो, आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूला छोटा आरसा धरला की पुष्कळ काही दिसते. एवढ्याने भागले नाही तर तेलात टाकायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून तासभर चालवून, अंधारात जांभळ्या (अतिनील) टॉर्चने पाहिल्यास रेघ उजळून दिसते.

बोट विकत घेण्यापूर्वीही हीच पद्धत वापरावी. मी तर ताजा रंग दिलेल्या, चकाचक इंजिनापेक्षा थोड्या मळकट इंजिनावर अधिक भरवसा ठेवतो. निदान त्याचा मळ तरी काही सांगतो. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल तर थंड असताना पुन्हा यावे आणि निदान अर्धा तास खाडीत भाराखाली चालवल्याशिवाय व्यवहार करू नये.

सोप्या जागांपासून अवघड जागांकडे

फिल्टरपासून सुरुवात करावी. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर तेल दाबाखाली धारेने बाहेर येते. बैठक पुसून, नव्या रिंगला तेलाचे बोट लावून, रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळावा. पान्याची गरज नसते. प्रेशर स्विचच्या प्लास्टिकमधून तेल झिरपत असेल तर तारेचे टोक तेलकट लागते. तो दुरुस्त होत नाही, बदलावा. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वायसर एकदा दबला की कडक होतो. नवा मिळेपर्यंत जुना लालबुंद तापवून पाण्यात विझवला तर पुन्हा मऊ होतो.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलताना बहुतेकांची एकच चूक होते, ती म्हणजे गळती थांबत नाही म्हणून बोल्ट आणखी आवळणे. पत्र्याच्या कव्हरची कड बोल्टाच्या जागी आत वाकते, मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते. कव्हर सपाट लादीवर ठेवून कड तपासावी, वाकलेली असल्यास लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करावी, जुन्या पॅकिंगचे अवशेष पूर्ण खरवडावेत आणि बोल्ट मधून सुरू करून आलटून-पालटून, पुस्तिकेतील टॉर्कने आवळावेत. सिलिकॉन सीलंटचा वापर जपून करावा. बाहेर जितका ओघळ उमटतो तितकाच आतही उमटतो आणि त्याचे तुकडे सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकतात. पुस्तिकेने सांगितले असेल तिथेच बारीक रेघ द्यावी आणि डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळावा.

चेंबरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बोटीत ते सर्वांत खाली, खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांत असते. पत्र्याचे चेंबर बाहेरून गंजून त्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. गंजाची खपली स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहू नये. छिद्र मोठे झाले तर बोट धक्क्यावरच अडकते. तेल काढून, जागा घासून, ती तेलमुक्त करून लावलेला इपॉक्सी काही काळ टिकतो, परंतु तो पावसाळ्यापर्यंतचा उपाय समजावा. चेंबर उतरवल्यावर आतून केरोसीन भरून बाहेरून खडू फासून ठेवावा. जिथे खडू ओला होईल तिथे छिद्र.

पुढच्या बाजूचा, म्हणजे पुली साइडचा ऑइल सील गळत असेल तर पुली तेल उडवते आणि इंजिनाच्या तोंडावर गोल फवारा दिसतो. पट्टा तेलकट होऊन घसरतो, बॅटरी भरत नाही आणि मालक अल्टरनेटर बदलतो. सील बदलला की पट्टाही बदलावा. इंजिनाच्या रबरी पायांवर तेल ठिबकत असेल तर तेही तपासावेत, कारण तेलाने रबर फुगून मऊ होते आणि शाफ्टची रेषा बिघडते.

तेल आणि समुद्राचे पाणी जिथे शेजारी असतात

समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक पाण्याला अडवतो, दुसरा तेलाला. दोहोंच्या मध्ये खालच्या बाजूस एक छोटे भोक असते. त्यातून पाणी ठिबकले तर पाण्याचा सील गेला, तेल ठिबकले तर तेलाचा. गळती थांबवण्यासाठी हे भोक बुजवणारे मी पाहिले आहेत. त्यानंतर खारे पाणी बाहेर पडण्याऐवजी थेट इंजिनात शिरू शकते.

बाहेर एकही थेंब नाही, तळ कोरडा आहे, तरी काडीवरची पातळी उतरते आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो, अशा वेळी ऑइल कूलर तपासावा. त्याच्या आतील नळ्या खाऱ्या पाण्याने खाल्ल्या जातात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब अधिक असल्याने तेल पाण्यात जाते. बंद असताना उलटही घडू शकते. कूलर काढून, तेलाचे एक तोंड बंद करून, दुसऱ्यातून बेताने हवा देत पाण्याच्या बादलीत बुडवावा. बुडबुडे आले तर बदलावा. झाळकाम फार काळ टिकत नाही असा माझा अनुभव आहे. कूलरमध्ये झिंकची कांडी (नळ्यांऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेली) असेल तर ती निम्मी झिजल्यावर बदलायची असते, आणि जुन्या बोटीत बहुधा ती नावालाही उरलेली नसते. तेलात खारे पाणी गेलेच असेल तर दोष दूर केल्यावर तेल आणि फिल्टर बदलून, थोडा वेळ चालवून, पुन्हा बदलावे, आणि काडीवरील दुधटपणा जाईपर्यंत हे करावे. यात दिरंगाई केल्यास बेअरिंगे गंजतात.

आउटबोर्ड इंजिन असल्यास

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन. टू-स्ट्रोक आउटबोर्ड तेल जाळूनच चालते, त्यामुळे त्याच्या एक्झॉस्टजवळील पुसट तवंग म्हणजे गळती नव्हे. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड वाहतुकीत चुकीच्या कुशीवर आडवे ठेवले तर तेल सिलिंडरमध्ये उतरते. कोणत्या कुशीवर ठेवायचे हे बहुधा इंजिनावरच लिहिलेले असते. खरी तपासणी खालच्या गिअरच्या भागाची करावी. पंख्यामागे मासेमारीची तंगूस गुंडाळली जाऊन शाफ्टचा सील कापला जातो, आणि आपल्या खाडीत तंगुसाची वाण नाही. खालचा बोल्ट सोडून आलेले तेल दुधट असेल तर सील गेला आहे. रिकाम्या गिअरकेसला हातपंपाने साधारण १० पीएसआय दाब देऊन काटा स्थिर राहतो का ते पाहावे. तेल भरताना ते खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे. आधी वरचा बोल्ट लावावा, मग खालचा, दोन्ही नव्या वायसरसह.

शेवटी मागचा सील

वरचे सर्व कोरडे आहे आणि तरीही फ्लायव्हील हाउसिंगच्या तळाच्या भोकातून काळे तेल येते, हे सिद्ध झाले तरच गिअरबॉक्स उतरवावा. तेल लाल असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा आहे. कपलिंग सोडवण्यापूर्वी दोन्ही अर्धांवर खूण करावी, म्हणजे ते पुन्हा त्याच जागी बसतील. जुना सील काढल्यावर क्रँकवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवावे. नख अडकत असेल तर खाच पडली आहे आणि तिथे नवा सील बसवणे म्हणजे नवे पैसे जुन्या खड्ड्यात टाकणे. अशा वेळी पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी किंवा हाउसिंगमध्ये जागा असल्यास सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावा. रबरी ओठाला तेल लावून सील बसवतात. टेफ्लॉनचा सील मात्र कोरडाच बसवायचा असतो. सील फुगवून गळती थांबवणारी औषधे बाजारात मिळतात. ताठर झालेल्या रबरावर ती काही काळ उपयोगी पडतात, खाच पडलेल्या क्रँकवर मुळीच नाही. पावसाळाभर बंद राहिलेल्या इंजिनाचा सील पहिले काही तास पाझरून नंतर आपोआप थांबू शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

गिअरबॉक्स पुन्हा जोडल्यावर शाफ्टची रेषा जुळवावी लागते, आणि ती काठावर नव्हे तर बोट किमान एक दिवस पाण्यावर राहिल्यानंतर, कारण काठावर टेकू दिलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो. कपलिंगच्या दोन तोंडांमधील फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेजने मोजावी. व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंचापेक्षा अधिक फरक नसावा; म्हणजे ४ इंची कपलिंगला सुमारे ०.१ मिलिमीटर.

दुरुस्तीनंतर

तळ पूर्ण कोरडा करून इंजिनाखाली नवे पांढरे पॅड घालावेत आणि त्यांवर पेनाने तारीख आणि इंजिनाचे तास लिहावेत. पहिली फेरी धक्क्याच्या नजरेच्या टप्प्यातच मारावी, सोबत ५ लिटर तेल, नांगर आणि लांब दोर असावा. तेलदाबाचा दिवा लागला किंवा काटा अचानक पडला तर क्षणाचाही विलंब न करता इंजिन बंद करावे. वाशीच्या पुलाखाली ओहोटीच्या ओढीत बंद पडणे गैरसोयीचे आहे, म्हणून नांगर हाताशी मोकळा ठेवूनच तिथून जावे. ५ तासांनंतर आणि पुन्हा २५ तासांनंतर इंजिन थंड असताना बोल्ट तपासावेत. पॅड डागाळला असेल तर खाली वाटी ठेवून एका तासात किती मिलिलिटर तेल जमते ते इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून वहीत लिहावे. आकडा स्थिर असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबता येते, वाढत असेल तर नाही.

काढलेले तेल, फिल्टर आणि माखलेले पॅड झाकणाच्या डब्यात ठेवावेत. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील मोठी गॅरेजे आपले तेल त्यांना देतातच, त्यांच्या पिंपात आपले पाच लिटर घ्यायला ती सहसा नाही म्हणत नाहीत. तळातील तेलकट पाण्यात साबण ओतून ते पंपाने बाहेर टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. साबणाने तवंग दिसेनासा होतो, तेल मात्र पाण्यातच राहते आणि ओहोटीला चिखलात बसते. याच खाडीचा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्षी त्याच चिखलात चोच घालून खातात. म्हणून तेल आधी पॅडने टिपून घ्यावे, तळ पुसून स्वच्छ पाण्याने एकदा भरून पाहावा, त्या पाण्यावर तवंग उमटला नाही तरच स्वयंचलित पंपाचा स्विच पुन्हा चालू करावा, आणि उमटला तर ते पाणीही डब्यात काढावे.